एक्केचाळीस नंबरचं टेबल

नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीत तिनं एकतीस वर्षं काढली, म्हणून सगळे तिला खिडकीताई म्हणत. खरं नाव होतं, पण ते पगारपत्रकापुरतं. खिडकीच्या काचेला खाली अर्धगोल भोक होतं, त्यातून फक्त हात आत यायचा. बोलायचं तर माणसाला वाकावं लागे. त्यामुळे गावातली निम्मी माणसं ताईला हनुवटीवरून आणि बोटांवरून ओळखू यायची. पूर्ण चेहरा दिसला तर ती जरा गोंधळायची.

तिच्यासमोर प्रेक्षागृहाचा छापील प्लॅन असायचा. प्रत्येक खुर्चीचा एक चौकोन, विकली की निळ्या पेन्सिलीची फुली. त्या चौकोनांमागची खरी खुर्ची तिला तोंडपाठ होती. कुठली करकरते, कुठल्या खुर्चीवर पंख्याचा वारा थेट मानेवर येतो, कुठे पुढच्या माणसाचं डोकं आडवं येतं. आणि हे सगळं ती सांगून टाकायची.

"'जे' रांगेतली चौदा नंबर देते, पण मध्ये खांब आहे हं. नायक दिसेल, नायिका दिसणार नाही. चालेल?"

गिऱ्हाईक म्हणायचं, नको. मॅनेजरसाहेब कपाळावर हात मारायचे. "अहो, तुम्ही तिकिटं विकायला बसलात का परत पाठवायला?"

"साहेब, खांब मी नाही बांधला," ताई म्हणायची आणि पुढच्याला हाक मारायची.

लग्न राहून गेलं होतं. राहून गेलं म्हणजे कुणी अडवलं नव्हतं; मोसमामागून मोसम आले, प्लॅन उघडले, बंद झाले, आणि एक दिवस बघते तर तरुण गिऱ्हाइकं तिला मावशी म्हणायला लागलेली. निवृत्त झाली तेव्हा ती तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होती, आणि वरच्या मजल्यावर तिची धाकटी बहीण आणि बहिणीचा नवरा. मेहुणे कवळ्या बनवायचे. दातांच्या डॉक्टरकडून साचे यायचे, मेहुणे दिवसभर खिडकीपाशी बसून त्यात दात बसवायचे. बोलणं अगदी बेताचं. धाकटी म्हणायची, "दुसऱ्यांच्या तोंडाचं काम करून करून ह्यांचं स्वतःचं तोंड बंद पडलंय."

या न बोलणाऱ्या माणसाला साठीनंतर नाचाचा नाद लागला. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, आणि चालायला जाताना सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीतून संगीत ऐकू यायचं. धाकटीनं त्यांना जिन्यावरून ढकलतच वर नेलं. तिथे एक बाई जोडीनं करायचे नाच शिकवत. आधी त्या पोहायला शिकवायच्या, त्यामुळे खोलीत दहाच माणसं असली तरी तलावाच्या पलीकडच्या काठावर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत. त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणत. सात वर्षांत धाकटी आणि मेहुणे वॉल्ट्झ, म्हणजे तीन ठोक्यांवरचा गिरक्यांचा नाच, असा नाचायला लागले, की बाकीचे थांबून बघत राहायचे. मेहुण्यांचे ओठ तेवढे हलत असत. एक दोन तीन, एक दोन तीन.

मास्तरीणबाईंनी तरुणपणी परदेशात एक मोठा नाचाचा समारंभ पाहिला होता. तिकडे त्याला बॉल म्हणतात. राजवाड्यासारखं सभागृह, पुरुषांचे मागे शेपट्या असलेले काळे कोट, बायकांचे घोट्यापर्यंतचे झगे, कोपरापर्यंतचे हातमोजे, आणि शेकडो जोड्या एकाच वेळी गिरक्या घेणाऱ्या. त्यांनी हे इतक्या वेळा सांगितलं होतं, की लग्नाला चाळीस वर्षं होतील तेव्हा आपण तिथे जायचंच, असं धाकटीनं ठरवून टाकलं.

"ताई, तिकिटं तू काढायचीस," ती खाली येऊन म्हणाली. "आमच्या घरात तिकिटाचं खातं तुझं."

ताईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणी तिला तिच्या कामाचं काम सांगितलं होतं.

विक्री ज्या दिवशी सुरू होणार होती, त्या दिवशी तिनं दुपारचं जेवण लवकर उरकलं, केस विंचरले, चष्मा पुसला आणि संगणकापुढे ताठ बसली. वेळ झाल्याबरोबर पडद्यावर ओळ उमटली: तुमच्या पुढे चारशे बारा जण आहेत. ताई चकित झाली. चारशे माणसं रांगेत आणि आवाज नाही, ढकलाढकली नाही, "अहो, मी इथेच उभा होतो" नाही. तासाभरानं तिचा नंबर लागला. तिनं दोन तिकिटं घेतली, पैसे भरले, आणि वरच्या मजल्याकडे तोंड करून ओरडली, "मिळाली गं!"

मिळाली होती, पण ती नुसती आत जायची तिकिटं होती. तिकडे रीत अशी, की प्रवेशाचं तिकीट वेगळं आणि बसायची जागा वेगळी. टेबल स्वतंत्र राखून ठेवावं लागतं. ज्याच्याकडे टेबल नाही त्यानं रात्रभर नाचावं, फिरावं, नाहीतर भिंतीला टेकून उभं राहावं. हे ताईच्या लक्षात आलं तेव्हा टेबलांच्या पानावर एकच शब्द उरला होता: संपली.

"अगं, उभे राहू की," धाकटी म्हणाली. "नाचायलाच तर चाललोय."

"सात तास? भाऊजींचं वय काय, तुझा गुडघा काय!" ताईचा आवाज चिरकला. एकतीस वर्षं गावाला खुर्च्या वाटल्या आणि सख्ख्या बहिणीला उभ्याचं तिकीट काढून दिलं, हे तिच्या जिव्हारी लागलं. दोन दिवस ती धड जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं शाळेत शिकलेली परकी भाषा आठवून, शब्दकोश मांडीवर घेऊन, तिकडच्या टेबलांच्या कचेरीला एक मेल लिहिला. टेबल द्या असं त्यात नव्हतंच. लिहिलं होतं, "कृपया सभागृहाचा प्लॅन पाठवावा." टेबल मागणारे हजार असतात, प्लॅन मागणारा क्वचित. दुसऱ्या दिवशी प्लॅन आला. खाली सहीच्या जागी फक्त दोन आद्याक्षरं आणि हुद्दा: टेबलप्रमुख.

ताईनं प्लॅन मोठा छापून आणला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला आणि निळी पेन्सिल कानावर खोचून वाचायला बसली. वाचायला म्हणजे अक्षरशः वाचायला. नाचाची जागा मध्ये, वाद्यवृंद उत्तरेला, टेबलं कडेनं. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, मग एक काळा ठिपका, मग बेचाळीस. ठिपका म्हणजे खांब, हे तिला कुणी सांगायला नको होतं. आणि जिथे खांब असतो तिथे न विकलेली जागा असते, हेही सांगायला नको होतं. तिनं लिहिलं: "साहेब, एक्केचाळीस नंबर कुठे आहे? मी स्वतः एकतीस वर्षं तिकिटं विकली आहेत."

उत्तराला तीन दिवस लागले. ते वाचताना ताई खुर्चीतून उठून उभी राहिली.

"बाईसाहेब, एक्केचाळीस आहे. तक्रारी येतात म्हणून आम्ही ते विकत नाही. तुमचा मेल आल्यावर मी वर जाऊन चारही खुर्च्यांवर बसून आलो. पहिल्या खुर्चीवरून नाचाची सगळी जागा दिसते. दुसरीवरून अर्धी, आणि वाद्यवृंदातले फक्त पितळी वाद्यवाले. तिसरी आणि चौथीवरून खांब दिसतो, दुसरं काही नाही. हे सगळं कळलं आहे असं लिहून दिलंत तर टेबल तुमचं. मात्र चारही खुर्च्या घ्याव्या लागतील. प्रवेशाची राखीव कोट्यातली दोन तिकिटं मी बाजूला ठेवली आहेत."

"बसून आला गं तो," ताई धाकटीला पुन्हा पुन्हा सांगत होती. "चारही खुर्च्यांवर! याला म्हणतात काम."

"पण उरलेल्या दोन खुर्च्यांवर कोण बसणार?"

एक जागा मास्तरीणबाईंची, हे एका मिनिटात ठरलं. त्या आनंदानं इतक्या ओरडल्या, की खालच्या दुकानातला सायकलवाला पान्हा हातात घेऊन वर आला. चौथ्या जागेसाठी ताई नावं सुचवत राहिली. मेहुण्यांनी हातातली कवळी खाली ठेवली आणि म्हणाले, "तुम्ही."

"मी? मला काय येतंय नाचातलं? आणि माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नाही."

"काढा," मेहुणे म्हणाले आणि कवळी पुन्हा उचलली.

पासपोर्ट निघाला. झगे शिवायला पडले. शेपट्यांचा कोट मेहुण्यांना भाड्यानं मिळाला, पण पाठीवर सैल, म्हणून धाकटीनं आतून चार टाके घातले. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि पाच आठवडे उरले असताना मेहुणे दिवा बदलायला स्टुलावर चढले ते थेट जमिनीवर आले. उजवा घोटा मोडला. चार आठवडे प्लास्टर, त्यानंतर काठी. नाच तर विसराच, डॉक्टर म्हणाले.

धाकटी खाली येऊन ताईच्या पलंगावर बसली आणि बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत राहिली. "राहू दे ताई. तिकिटं परत कर. आमच्या नशिबात नव्हतं म्हणायचं."

ताईनं कचेरीला लिहिलं. उत्तर सभ्य होतं: विकलेली तिकिटं परत घेतली जात नाहीत, नाव मात्र चौदा दिवस आधीपर्यंत बदलता येईल, क्षमस्व. ताईनं ते वाचलं आणि तिला हसूच फुटलं. अगदी हेच वाक्य तिच्या खिडकीवर लाल रंगात रंगवलेलं होतं. किती जणांना तिनं बोट वर करून ते दाखवलं असेल. मुलगा आजारी पडलाय, गाडी चुकलीय, सासूबाई गेल्यात; आणि तिचं बोट वर. काचेच्या या बाजूला उभं राहिल्यावर ते वाक्य केवढं मोठं दिसतं हे तिला आज कळलं. तरी ती म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. नाव बदलून दुसऱ्या कुणाला द्यायची का तिकिटं, एवढंच बघायचं."

दोघी वर गेल्या. मेहुणे प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून बसले होते. त्याच स्टुलावर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पहिल्या खुर्चीवरून सगळं दिसतं म्हणालात ना?"

"हो, तसं लिहिलंय त्यांनी."

"मग मी त्या खुर्चीवर बसतो आणि हिला नाचताना बघतो. सात वर्षं नाचतोय, पण ही कशी दिसते ते मला अजून माहीत नाही. जवळून फक्त कान दिसतो."

एवढं मोठं वाक्य त्यांच्या तोंडून वर्षातून एकदा निघे. धाकटीनं पदरानं डोळे पुसले. "पण नाचू कुणाबरोबर? खांबाबरोबर?"

मेहुण्यांनी ताईकडे पाहिलं. ताईनं मागे वळून पाहिलं, मागे कुणी नव्हतं.

मग ताईची शिकवणी सुरू झाली. पुरुषाची पावलं. एकतीस वर्षं बसून काम केलेली बाई, कंबर धरलेली, मान एका बाजूला झुकलेली. मास्तरीणबाई गर्जत होत्या, "खांदे खाली! खाली! बुडताय का तुम्ही?" पहिला आठवडा ताईनं धाकटीच्या पायांचा चेंदा केला. दुसऱ्या आठवड्यात ती घामाघूम होऊन खुर्चीवर कोसळली आणि म्हणाली, "बाई, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. कोण कुठे वळणार ते मला कळतच नाही."

मास्तरीणबाई पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या. "मोसमाच्या पहिल्या दिवशी तुमच्या खिडकीवर किती गर्दी असायची?"

"तीनशे, चारशे."

"ती कोण हलवायचं?"

ताई उठली. त्या दिवसापासून ती पावलं मोजायची थांबली आणि "चला, पुढे चला, थांबू नका, उजवीकडून" असं पुटपुटत नाचायला लागली. धाकटी हसून हसून बेजार व्हायची, पण पाय आता तुडवले जात नव्हते. मेहुणे कोपऱ्यात बसून टेबलावर बोटं वाजवत ताल द्यायचे.

निघण्याआधी ताईनं कचेरीला शेवटचा मेल टाकला, अकरा प्रश्नांचा. सात नंबर: दोन बहिणी एकत्र नाचल्या तर हरकत आहे का? आठ नंबर: एका गृहस्थांच्या पायाला जाड पट्टा आहे, तर दोन्ही पायांत काळा बूट सक्तीचा आहे का? उत्तरं क्रमवार आली. सात: हरकत नाही. आठ: एक बूट पुरे.

समारंभाच्या संध्याकाळी चौघं त्या इमारतीच्या पायऱ्या चढली. मेहुणे काठीवर, धाकटी त्यांच्या दंडाला धरून, मास्तरीणबाई झग्याचा घेर दोन्ही मुठींत गोळा करून जणू पाण्यात उतरताहेत अशा, आणि सगळ्यांत मागे ताई, पर्समध्ये तिकिटं तिसऱ्यांदा मोजत. आत डाव्या हाताला टेबलांची कचेरी होती. लाकडी खिडकी, तिच्यामागे एक उंच, पोक आलेले गृहस्थ, नाक लाल, गळ्याभोवती मफलर. सर्दी झाली होती बिचाऱ्यांना. समोर रांग.

ताईनं या क्षणासाठी त्यांच्या भाषेतली सहा वाक्यं पाठ करून ठेवली होती. आभाराची, चार खुर्च्यांची, आपल्या नोकरीची. विमानात ती डोळे मिटून तीच घोकत होती. नंबर आला. तिनं कागद पुढे सरकवला. गृहस्थांनी वाचला, चष्म्यावरून वर पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. ताईनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिला मागची रांग जाणवली. वीस-बावीस माणसं, कुणी घड्याळ बघतंय, कुणी उसासा टाकतंय. अशा वेळी गप्पा मारणाऱ्या गिऱ्हाइकाबद्दल आपण मनात काय काय म्हणायचो, ते तिला आठवलं.

तिनं त्यांच्या भाषेतला फक्त एक शब्द उच्चारला. "खांब."

ते मोठ्यानं हसले, शिंकले, आणि चार कार्डं तिच्या हातात देताना खिडकीतून हात बाहेर काढून तिचा हात घट्ट दाबला. ताई बाजूला झाली. पुढचा माणूस पुढे आला.

एक्केचाळीस नंबर जसं लिहिलं होतं तसंच निघालं, तसूभर इकडेतिकडे नाही. मेहुणे पहिल्या खुर्चीवर बसले. दुसरी धाकटीची. मास्तरीणबाईंनी चौथ्या खुर्चीवर बसून पहिलं काम काय केलं असेल, तर बूट काढले. "वा! इथे कुणाला दिसतंय!" आधी पांढऱ्या झग्यांतल्या तरुण मुली आणि त्यांचे जोडीदार ओळीनं आले, त्यांचा नाच झाला. मग कुणीतरी मोठ्यानं काही पुकारलं आणि सगळ्या बाजूंनी माणसं मधल्या जागेत उतरायला लागली.

"चल," धाकटी म्हणाली. तिनं ताईचा हात धरून ओढला.

गर्दी भयंकर होती. पहिल्या दहा पावलांत दोघींना तीन कोपरं लागली. मग ताईची नजर बसली. ही माणसं कुठे साठताहेत, कुठे आता मोकळं होणार, ते तिला दिसायला लागलं. वाद्यवृंदासमोर सगळे थबकत होते, दक्षिणेच्या कोपऱ्यात नेहमी एक फट पडत होती. तिनं धाकटीला त्या फटीतून नेलं, खांबाच्या पुढून, पुन्हा मध्ये. कुणाला धक्का लागला नाही. शेजारून जाणाऱ्या एका लष्करी बाण्याच्या म्हाताऱ्यानं मान लववून वाट दिली. धाकटीचा झगा फुलत होता, आणि प्रत्येक फेरीला ती खांद्यावरून पहिल्या खुर्चीकडे बघत होती.

मेहुणे पुढे वाकून बसले होते, दोन्ही हात काठीच्या मुठीवर. ओठ हलत नव्हते. ते मोजत नव्हते, नुसते बघत होते.

तिसऱ्या वॉल्ट्झनंतर ताईला दम लागला. दोघी टेबलापाशी आल्या तर मेहुणे उभे. "मागे जागा आहे," ते म्हणाले. खांब आणि भिंत यांच्यामध्ये पाच-सहा फुटांची मोकळी जागा होती, कुणाच्याच नजरेत न येणारी. मास्तरीणबाईंनी आपली खुर्ची मुकाट्यानं ओढून घेतली, ताईनंही तिसरी खुर्ची सरकवली. मेहुण्यांनी काठी भिंतीला टेकवली, धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दोघं जागच्या जागी, पाऊल न उचलता, नुसती डोलत राहिली.

"कशी दिसत होते?" धाकटीनं विचारलं.

उत्तर ताईला ऐकू आलं नाही. तिनं ऐकायचा प्रयत्नही केला नाही. खांबाकडे तोंड करून ती मास्तरीणबाईंना म्हणाली, "बाई, जागा वाईट नाही हं."

परत आल्यावर वर्गातल्या तीन जोड्या पुढच्या वर्षीची तिकिटं काढून द्या म्हणत ताईकडे आल्या. मग दुसऱ्या वर्गातल्या दोन. आता आठवड्यातून दोन संध्याकाळी ती सायकलच्या दुकानावरच्या खोलीत दाराशी टेबल टाकून बसते, पुढे त्या सभागृहाचा प्लॅन. टेबलप्रमुखांशी तिचा पत्रव्यवहार चालू आहे. त्यांनी कळवलंय, की पुढच्या मोसमापासून एक्केचाळीस नंबर रीतसर विक्रीला येणार आहे, खांबाची स्पष्ट सूचना लिहून. ताईनं एका नवशिक्या जोडप्याला ते टेबल सुचवलंसुद्धा. त्यांना लोकांनी बघितलेलं आवडत नाही.

मेहुण्यांचा घोटा पुरता बरा झालाय. ते आणि धाकटी पुन्हा नाचतात, आणि अधूनमधून एखाद्या गाण्याला ते मुद्दाम बाजूला बसतात, बघायला. जोडीदार नसलेल्या बायका वर्गात पुष्कळ, त्यामुळे ताईला मागणी आहे. मास्तरीणबाईंनी मात्र हट्ट धरलाय, की तिनं आता बाईची पावलंही शिकलीच पाहिजेत. ते अजून जमत नाहीये. त्यात बाईला उलटं चालावं लागतं; चालताना ती दर दोन पावलांनी मागे वळून बघते, आणि खोलीभर आवाज घुमतो, "ताई! पुढे बघा! तुम्हाला नेणारा माणूस समोर आहे!"

"असू दे," ताई म्हणते. "मागं काय आहे ते कळल्याशिवाय मी पाय टाकणार नाही."